ओला दस्ता

आमच्या घराला वास होता तो स्पिरिटचा. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की फोडणीचा, गोठ्याचा नाहीतर उदबत्तीचा वास यायचा. आमच्याकडं स्पिरिट, चपडी लाख आणि जवसाचं तेल. माझ्या केसांना तोच वास, भाकरीच्या दुरडीला तोच, रविवारी उपासनेला घालायच्या कपड्यांनासुद्धा तोच. शाळेत पोरी माझ्या शेजारी बसताना नाकाला रुमाल लावायच्या. शकू तेवढी मुद्दाम चिकटून बसायची. "रूथे, तुझ्याजवळ बसलं की मला गुंगी येते गं. गणिताच्या तासाला बरं पडतं," म्हणायची. ती आबांची एकुलती एक लेक. बागायतदाराची पोर, दोन वेण्या, वेण्यांना रेशमी रिबिनी. मी दावीद मिस्त्रीची रूथ. आमचं गाव शेवगावच्या अलीकडं, कालव्याच्या पाण्यावर ऊस करणारं. तिचा बंगला त्या उसाच्या मधोमध आणि आमचं घर चर्चच्या मागच्या वस्तीत. ख्रिस्ती होऊन आम्हाला तीन पिढ्या झाल्या होत्या, पण त्याआधी आम्ही कोण होतो हे गाव काही विसरलं नव्हतं. शाळा संपली तरी आमची मैत्री सुटली नाही, आणि तिचं आमच्या दारावरनं जाणंही सुटलं नाही. आधी मला वाटायचं, माझ्यासाठी येते.

बाबा मिशनच्या सुतारशाळेत शिकलेले. चर्चमधले बाक, रुखवतातली कपाटं, हार्मोनियमच्या पेट्या, सगळं त्यांच्या हातून गेलेलं. पण पंचक्रोशीत नाव होतं ते त्यांच्या पॉलिशचं. माझा थोरला भाऊ शमुवेल, आमचा शमूदादा, त्याचा हात जड, म्हणून तो रंधा मारायचा. माझा हात हलका, म्हणून पॉलिशचा बोळा बाबांनी माझ्या हातात दिला. वस्तीतल्या बायका आईला टोचायच्या, की पोरीच्या नखांत लाख बसलीय, कोण करून घेणार हिला. बाबा म्हणायचे, "लाकडाला काय कळतंय, हात पोरीचा हाय का पोराचा?" चपडी स्पिरिटमध्ये भिजत घालायची, विरघळली की गाळायची, मलमलीच्या फडक्यात कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि मग हात गोल गोल फिरवत राहायचं. मध्ये थांबायचं नाही. थांबलात की बोळा तिथंच चिकटतो आणि डाग पडतो तो पडतोच. दुपारभर घरात दादाच्या रंध्याचा आवाज, आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि लांबून गिरणीची टुकटुक. माझ्या कामाला आवाज नव्हता. खांदा भरून यायचा, मी कुरकुर करायची, आणि बाबा मान न वळवता म्हणायचे, "तोंड दिसंस्तवर." लाकडात आपलं तोंड दिसलं की काम झालं, हा आमच्या घरचा कायदा.

दरवर्षी दसऱ्याच्या आधी आबांच्या बंदुकीचा दस्ता आमच्याकडं यायचा. दुनळी बंदूक, आबांच्या वडिलांच्या वेळची, शेतराखणीच्या लायसनवरची. खंडेनवमीला ती देवापुढं मांडायची, तिला झेंडू वाहायचा आणि आल्यागेल्यानं बघून वा वा करायचं, वर्षातलं तेवढंच तिचं काम. नळ्या आणि घोडे आबांच्या कपाटातच राहायचे. आमच्याकडं यायचं ते नुसतं लाकूड, आबांचा सालगडी किसन याच्या काखेत, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. अक्रोडाचं लाकूड होतं ते, गर्द तपकिरी, त्यात काळ्या रेघा. मला ते फार आवडायचं, आता खोटं कशाला बोलू. "दस्ता काढला की बंदूक म्हंजी नुसता पाइप," दादा म्हणायचा, "खांद्याला लावनार काय अन् धरनार कशाला?" हे वाक्य पुढं आमच्या घरात फार वेळा बोललं गेलं.

त्या वर्षी दस्ता घेऊन दादा आणि मी आबांच्या बंगल्यावर गेलो. ओटीवर पूजेची तयारी चालली होती, माणसं मळ्याकडं गेलेली. शकू झेंडूची माळ ओवत होती. फडकं सोडलं तशी ती उठलीच. "बघू बघू, ह्या वर्षी तोंड दिसतंय का," म्हणाली. तिची टिकली घामानं घसरली होती. दादानं दस्ता दोन्ही हातांनी तिच्या तोंडासमोर धरला आणि ती त्यात बघून टिकली नीट लावायला लागली. "जरा खाली घ्या की मिस्त्री, का माझं नुसतं कपाळच बघायचंय?" असं ती त्याला म्हणाली. दादा खाली घेत होता, वर घेत होता, मुद्दाम. दोघं हसत होते. मीही हसत होते. त्या हसण्यात किती दिवसांची ओळख आहे हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्याच क्षणी पायरीवर आबा उभे दिसले. त्यांनी दादाच्या हातातला दस्ता घेतला, उन्हाकडं धरून पाहिला आणि आत गेले.

आता नगरला, म्हणजे अहिल्यानगरला, माझ्या जिभेला वळण लागायला अजून वेळ लागेल, तर नगरला माझं पॉलिशचं दुकान भाच्याकडं आहे. परवा एक जोडपं नव्या फ्लॅटच्या दारासाठी आलं. ती पोरगी म्हणाली, "काकू, चमकायला नको, एकदम मॅट पाहिजे." साधी गोष्ट. हल्ली सगळ्यांना मॅटच पाहिजे, दारं मॅट, मोबाईलची कव्हरं मॅट. पण तिनं "चमकायला नको" म्हटलं आणि मी हातातला बोळा खाली ठेवला. मी भाच्याला म्हटलं, तू बघ बाबा हिचं काय ते, आणि आत जाऊन पाणी प्याले.

त्या वर्षी दसरा होऊन थोडे दिवस झाले होते. आई हुलग्याची शेंगोळी करत होती, मी लसूण सोलत होते. दारात सावली पडली म्हणून पाहिलं तर आबा. बरोबर किसन नाही, दस्ता स्वतःच्या काखेत. आबा आमच्याकडं कधी आलेच तर अंगणात उभे राहून बोलायचे. पाणी विचारलं तर "आत्ताच पिऊन निघालो" म्हणायचे, आणि आम्हीही पुढं विचारायचं सोडून दिलं होतं. त्या दिवशी त्यांनी वहाणा काढल्या, आत आले आणि बाबांच्या कामाच्या बाकावर बसले.

"मिस्त्री, लई चमकतोय ह्यो."

"खंडेनवमीचं पॉलिश हाय, आबा. चमकायचंच त्ये."

"चमक काढा. उन्हाला धरला की लांबनं दिसतोय. उसात बसायचं म्हनल्यावर आसं चमकून कसं भागंल?"

बाबांनी दस्ता हातात घेतला. "डुकरं लई झाल्यात का?"

"डुकरंच म्हना." आबा हसले. मग त्यांनी दादाच्या रंध्याकडं, भिंतीला टांगलेल्या त्याच्या करवतीकडं सावकाश पाहिलं. "शमू दिसत न्हाई?"

"नेवाशाला गेलाय. खिडक्या बसवायच्या हायेत."

"सांजच्याला येत आसंल. कालव्याच्या वाटंनं." हे त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. आणि मग चुलीकडं वळून म्हणाले, "वैनी, च्या टाका की."

आजवर ते आईला 'मिस्त्रीन' म्हणायचे. आईच्या हाताला शेंगोळीचं पीठ तसंच होतं. तिनं चहा टाकला. आमच्या कपात, आमच्या बशीत, आबांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, मिशा पुसल्या आणि उठले. "घाई न्हाई, मिस्त्री. काम निगुतीनं व्हऊ द्या. झालं की कळवा." त्यांच्या वहाणांचा आवाज चर्चच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता.

आईनं रिकामा कप उचलून बाबांसमोर धरला. "जो मानूस आपल्या दारात कदी पानी प्याला न्हाई त्यो आज च्या पिऊन गेला. आवो, डोळं उघडा. त्यानं माझ्या पोराचं मोजमाप घेतलं!" दस्ता बाबांच्या मांडीवर आडवा, त्यात त्यांचंच तोंड दिसत होतं. पोलीस पाटलाकडं जावं तर तो आबांचा चुलतभाऊ. काम जमत नाही म्हणून परत द्यावं तर शेवगावात कुणीही अर्ध्या दिवसात चमक उतरवून दिली असती. शेवटी बाबा म्हणाले, "आपल्यापाशी हाय तवर बंदूक लंगडी हाय. त्यानंच म्हनलंय, घाई न्हाई. बरं. न्हाईच करायची घाई."

दादा आला तेव्हा घरात जे झालं ते भांडण मी आयुष्यात परत ऐकलं नाही. "तिला टाकून मी जानार न्हाई," दादा म्हणत होता. "टाकून कोन म्हनतंय? पुढं जा म्हनतोय," बाबा म्हणत होते. आई नुसती रडत होती आणि मध्येच दादाच्या पाठीत गुद्दे घालत होती. मामा नगरला होता, त्याच्या ओळखीनं नागापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका वर्कशॉपला काम मिळण्यासारखं होतं. ठरलं असं, की दादानं पुढं जायचं, पगार हातात आला की खोली बघायची आणि मग शकूला न्यायचं. ती सज्ञान होती, तिची तयारी होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं दादा गेला. पिशवीत कपडे कमी आणि हत्यारं जास्त. गाडीत चढताना मला म्हणाला, "रूथे, तवर तेवढा दस्ता सांभाळ."

चमक काढणं हे अवघड काम नाही. बाभळीच्या लाकडाची राख, आई भांड्यांना वापरायची तीच, धोतराच्या फडक्यातून पुन्हा पुन्हा चाळायची, बोटाला पिठीसारखी लागेपर्यंत. जवसाच्या तेलात ती कालवायची आणि घोंगडीच्या तुकड्यानं लाकडाच्या रेघेरेघेनं हलक्या हातानं घासायचं. उलटा हात मारायचा नाही, ओरखडे उठतात. आतलं पॉलिश तसंच राहतं, वरची झळाळी तेवढी उतरते. मी घासत होते आणि लाकडातलं माझं तोंड जात होतं. आधी डोळे गेले, मग नाक, मग नुसता एक काळसर डाग राहिला, आणि मग तोही गेला. जिथं शकू टिकली लावताना दिसली होती तिथं हात फिरवताना मला रडू आलं, आणि मी ते तेलकट हातानंच पुसलं. आमच्या घरात तोंड दिसावं म्हणून कष्ट केले जायचे. तोंड जावं म्हणून केलेलं ते पहिलंच काम.

ते काम दुपारपर्यंत झालं. खरी कारागिरी त्यानंतरची. बाबांनी आबांना निरोप पाठवला, की अक्रोडाला आता तेल पाजावं लागेल, एक हात दिला की वाळू द्यायचं, मग दुसरा हात. हे खोटं नव्हतं. फक्त तेल कढवून लावलं तर लवकर वाळतं, आणि बाबांनी मला कच्चंच तेल लावायला सांगितलं. तेही जाड, आणि वरचं पुसून घ्यायचं नाही. असं तेल वाळता वाळत नाही, बोटाला चिकटत राहतं. दस्ता आम्ही दारावरच्या खुंटीला टांगला, चुलीपासून लांब. जेवताना तो समोर, प्रार्थना करताना तो समोर. आई येताजाता त्याच्याकडं बघायची आणि मला म्हणायची, "लाव गं अजून येक हात." आठवड्याच्या बाजाराला किसन यायचा, दस्त्याला बोट लावायचा. "चिकट हाय," म्हणायचा. एकदा त्याची नजर कोनाड्यातल्या कच्च्या तेलाच्या वाटीवर गेली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, बोट धोतराला पुसलं. "चिकट हाय म्हनून सांगतो जा," म्हणाला. तो काय ते समजला होता.

मला खरं सांगायचं तर त्या दिवसांत आम्हाला एक धीर आला होता. मरण आपण खुंटीला टांगून ठेवलंय, असं वाटायला लागलं होतं. मामाकडून निरोप यायचे, दादाला काम मिळालं, साहेब चांगला आहे, खोली बघतोय. बाबांची भूक परत आली. उसाला तुरे आले होते, वाऱ्यानं सगळा मळा सळसळायचा आणि आई हातातलं काम थांबवायची, पण मग ती खुंटीकडं बघायची. आमचं सगळं ध्यान त्या लाकडाकडं होतं.

शकूला दसऱ्यापासून बाहेर सोडत नव्हते, आमच्याकडचं काय ते किसनच्या तोंडून तिला कळत असावं. एकदाच भेटली ती, गिरणीत, चुलतीबरोबर दळण घेऊन आलेली. वाळली होती. वेण्यांना रिबिनी नव्हत्या. चुलती गिरणीवाल्याशी वाद घालण्यात गुंतली तशी ती माझ्या डब्याशी वाकली. गिरणीच्या आवाजात कानाशी बोलावं लागत होतं. तिच्या भुवयांवर पीठ उडालं होतं.

"वाळला का गं?"

"न्हाई अजून. ओला हाय."

ती हसली, अगदी पूर्वीसारखी. "ओलाच ठेव, रूथे." आणि मग घाईनं, "त्याला म्हनावं खोलीला खिडकी बघ. मला कोंडल्यावानी व्हतं." चुलतीनं हाक मारली. ती गेली, माझ्या बाहीवर तिच्या बोटांचं पीठ राहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, किसन आला. बाजाराचा दिवस नव्हता. आत आला नाही, अंगणातच उभा राहिला. "आबांनी निरोप दिलाय. दस्ता ऱ्हाऊ द्या म्हन्ले. आता गरज न्हाई." एवढं बोलून तो वळला. त्यानं दस्त्याला बोट लावलं नाही, मान वर केली नाही, नेहमीसारखी तंबाखू मागितली नाही. हे सगळं मला आठवलं ते नंतर. त्या वेळी आईनं पदर तोंडात धरला आणि बाबांच्या पायापाशी येऊन बसली. "राग उतरला त्याचा. देवा, तुझं उपकार, उपकार रे बाबा." बाबांनी टोपी काढली आणि प्रार्थना केली, मोठ्यानं, आबांचं नाव घेऊन. आबांच्या घरावर कृपा असू दे म्हणाले. मग मला म्हणाले, "रूथे, उतरव त्याला. वाळू दे आता बिचाऱ्याला." मी खुंटीवरून दस्ता काढला, कोरड्या फडक्यानं सगळं तेल पुसून घेतलं आणि अंगणात उन्हात ठेवला. गाणं म्हणत होते मी तेव्हा, चर्चमधलं.

आईनं गुळाची लापशी केली. तूप सणाला ठेवलेलं, तेही काढलं. आम्ही तिघं जेवायला बसलो आणि गिरणी बंद पडली. रोजची टुकटुक थांबली की कानाला कसंतरी होतं. "दळन चालू व्हतं की," आई म्हणाली. "लाईट गेली आसंल," बाबा म्हणाले आणि त्यांनी वर पाहिलं. कामाच्या बाकावरचा बल्ब लागलेला होता. आम्ही तिघांनीही तो पाहिला. गावात मोठ्या घरी कुणी गेलं तर गिरणी बंद ठेवायची, अशी रीत होती. "म्हातारी आसंल आबांची," आई पुटपुटली. तिच्या हातातला घास तसाच होता.

शेजारची सगुणामावशी कुंपणावरूनच बोलली. "ऐकलं का? आबांची शकू गेली. ताप डोक्यात गेला म्हनत्यात. नेली बी. उन्हं वर यायच्या आत उरकलं समदं, गावाला आत्ता कळतंय."

लापशी माझ्या तोंडात होती. गोड. ती गिळता येईना आणि थुंकता येईना. आई भिंतीवर डोकं आपटायला लागली. बाबा उठले, अंगणात गेले आणि दस्ता उन्हातून उचलून सावलीत ठेवला. का ठेवला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तापानंच गेली. गावानं तेच म्हटलं, पाटलानं तेच, डॉक्टरनं तेच. दादा आला तो तडक मळ्याकडं निघाला. कालव्याच्या पुलावर किसन आणि बाबांनी त्याला धरून ठेवलं, किसन त्याच्याहून मोठ्यानं रडत होता. वर्षाच्या आत आम्ही गाव सोडून नगरला आलो. आबा पुढं खूप जगले, स्वतःच्या पलंगावर गेले. दस्ता त्यांनी कधी मागितला नाही. मी अजून विचार करते, आणि करते तेव्हा माझं डोकं फिरतं. त्या माणसानं आमच्या घरात बसून चहा प्यायला तो कशासाठी? पोराला पळवा, हे सांगायला? का आम्ही खुंटीकडं बघत बसावं म्हणून? आम्ही पोराला वाचवलं. तिला वाचवायचं काम आम्ही पगार होईपर्यंत थांबवलं. बंदुकीशिवाय माणूस मरत नाही, असं धरून चाललो आम्ही सगळे, पॉलिश करणारी माणसं. तीसुद्धा तसंच धरून चालली, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

दादा थकलाय आता. नागापूरच्या त्याच्या खोल्यांना सगळीकडून खिडक्या आहेत, हिवाळ्यात वारं येतं म्हणून वहिनी कुरकुर करते. माझ्याकडं आला की भिंतीकडं पाठ करून बसतो, कारण तिथं तो दस्ता आहे. लाकूड उत्तम आहे अजून. चमक नाही, तोंड दिसत नाही. दरवर्षी दसरा झाला की मी त्याला तेलाचा एक हात देते, कच्चं तेल, जाड, आणि वरचं पुसून घेत नाही. भाचा वैतागतो. "आत्या, एवढं आयुष्यभर पॉलिश केलंस आणि हे असं चिकट का ठेवतेस? धूळ बसते. वाळू दे की एकदाचं."

मी म्हणते, असू दे. ओलाच ठेवायला सांगितलाय.